वर्ध्याचे दोन दिवस आणि एक काडीपेटी

वर्धा पाहिलंय का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते आणि पटकन विषय बदलते. पाहिलंय म्हणजे काय, दोन दिवस पायाला भिंगरी लावून हिंडले आहे. पवनार झालं, सेवाग्राम झालं, चरख्यांचं संग्रहालय झालं, बाजार झाला. सासूबाईंनी तर परत आल्यावर महिनाभर गल्लीत तेच दळण दळलं. मला मात्र त्या दोन दिवसांतलं एकच नीट आठवतं. जिवाला घोर लागला होता आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

माझ्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. सन पंचाहत्तर-शहात्तर असेल. आम्ही पुलगावला राहत होतो आणि आमचे हे तिथल्या एका जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. दिवाळीनंतर हंगाम लागला की शिमग्यापर्यंत ह्यांना रविवारीसुद्धा दुपारपर्यंत काम, सणाचं तर नावच नको. ज्यानं हंगामात जिन आतून पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. रुई नुसती खाली पडलेली नसते, ती हवेत असते. छताच्या कैच्यांवर असते, दिव्यांवर असते, माणसांच्या भुवयांवर असते. हे घरी आले की आधी ओट्यावर उभं राहून अंग झटकायचे, तरी उशीवर रुई सापडायचीच. अशा ठिकाणी ठिणगी पडली तर पळायलाही वेळ मिळत नाही, कारण आग पायाखालून येत नाही, डोक्यावरून येते.

मी नवी नवरी होऊन आले त्याच वर्षी दूर कुठेतरी एक जिन जळालं होतं. तिथला एक मजूर आमच्या ओट्यावर बसून सांगत होता. आग विझवली, पंचनामा झाला, लोक घरोघर गेले, आणि आठव्या दिवशी बाजूला रचून ठेवलेली रुईची दाबून बांधलेली गठाण आपोआप पेटली. ठिणगी आत दबा धरून बसली होती म्हणे. ते ऐकलं आणि माझ्या मनात भीती बसली ती बसलीच.

म्हणून जिनवाल्यांच्या घरी एक रीत होती. माणूस कामावर निघाला की बायकोनं उंबऱ्यात त्याचे खिसे उलटे करून पाहायचे. सदऱ्याचा, पँटीचा, आतल्या बंडीचासुद्धा. बिडी न ओढणाऱ्याचेही पाहायचे, कारण रस्त्यात कुणी 'धर जरा' म्हणून काडीपेटी हातात देतं आणि दोघंही विसरतात. फाटकावर चौकीदार अंग चाचपायचा, पण तो स्वतःच कधी सकाळच्या झोपेत असायचा. खरी चौकी बायकोची. आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत मी ह्या बाबतीत खाष्ट म्हणून नावाजलेली. ह्यांच्या खिशात एकदा तुरीची वाळकी काडी निघाली, दात कोरायला ठेवलेली, तर मी अर्धी गल्ली गोळा केली होती. एवढा माझा तोरा.

त्या पौषात सासूबाई खेड्यावरून आमच्याकडे आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. घर वांगी-टमाट्याचा मळा करणारं, आत्याबाईंची सगळी उमर वाफ्यात गेलेली. पुलगावचा बाजार त्यांना पाठ होता, पण वर्धा, गाडीनं तासाभराच्या आतलं, त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. माझी नणंद वर्ध्याला पिपरी मेघ्यात राहायची, नंदोई सरकारी कचेरीत कारकून. तिचं पत्र आलं, की शनिवार-रविवार आईला घेऊन ये वहिनी, सगळं वर्धा दाखवतो. त्यात आत्याबाईंचा एक नवसही राहिलेला. त्यांची म्हैस मरतामरता वाचली होती, तेव्हा पवनारला धाम नदीत दिवा सोडीन म्हणून बोलून बसल्या होत्या.

तर दिव्याची पुडी मी आदल्या रात्रीच बांधली. पणती, तेलात भिजवलेल्या वाती, कापूर, उदबत्ती आणि नवी कोरी काडीपेटी. सगळं एका फडक्यात घट्ट गाठ मारून.

आता पिशव्यांचं सांगते. ह्यांची एक खाकी पँट गुडघ्यावर विरली होती, तिच्या दोन पायांच्या मी दोन पिशव्या शिवल्या होत्या. एक ह्यांच्या डब्याची, एक माझी बाजाराची. काटकसर केली म्हणून मी स्वतःवरच खूश होते. शनिवारी पहाटे लाइट गेलेली. कंदिलाच्या उजेडात मी दोन्ही पिशव्या भरल्या. ह्यांच्या डब्यात सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी आणि पोळ्या, वर एका फडक्यात कांदा आणि मिरच्या. माझ्या पिशवीत प्रवासाच्या दशम्या आणि दिव्याची पुडी. आत्याबाई मागून हाकारत होत्या, "अवं, गाडी चुकन वं! काय करून राह्यली एवढा वेळ?" कंदील आतबाहेर, माझे हातही आतबाहेर.

हे निघाले तेव्हा मी उंबऱ्यात रोजच्यासारखे खिसे उलटे केले. काही नव्हतं.

"झालं समाधान?" हे म्हणाले.

मी हसले, खुंटीवरची पिशवी माझ्या हातानं काढली आणि सायकलच्या हँडलला अडकवली. ह्याच हातानं. मग आम्ही दोघी स्टेशनाकडे निघालो.

पॅसेंजर वेळेवर आली, वर्ध्याला नणंद-नंदोई फलाटावर उभे होते. नंदोईंनी दोन दिवसांचा कार्यक्रम बोटांवर मोजून ठेवलेला. आज आधी पवनार, दुपारी सेवाग्राम, संध्याकाळी बाजार, उद्या संग्रहालय. आत्याबाई तर लहान पोरीसारख्या झाल्या होत्या. बसमध्ये खिडकी धरली आणि दिसेल त्या इमारतीला "हे काय हाये, ते काय हाये" सुरू. पवनारला आश्रमाच्या खाली नदीत काळे खडक, पाणी स्वच्छ, थंडीचं ऊन. मला त्या क्षणापर्यंत खरंच बरं वाटत होतं.

"घे, काढ पुडी," आत्याबाई पाण्यात पाय सोडून म्हणाल्या.

मी पिशवीत हात घातला. दशम्या लागल्या. त्यांच्याखाली एक फडकं लागलं, मऊ, गोल. मी ते बाहेर काढलं आणि गाठ सोडली. आत कांदा आणि चार हिरव्या मिरच्या.

मला आधी कळलंच नाही. मी कांद्याकडे पाहतच राहिले. मग मी खडकावर बसले ती बसलेच. ह्यांचा कांदा माझ्याकडे. म्हणजे पुडी ह्यांच्याकडे. काडीपेटी, कापूर, तेलाच्या वाती, सगळं सामान गाठ बांधून मी जिनात पाठवलं होतं. एखाद्या दुष्मनानं आग लावायला पाठवलं असतं तरी याहून जास्त काय पाठवलं असतं?

"काऊन वं? काय झालं?"

"पुडी घरीच राह्यली, आत्याबाई."

"बाप्पा! ज्यासाठी आलो तेच घरी? इतकी कशी वं भुलक्कड तू!"

त्या रागावल्या, नणंदेनं समजूत घातली, शेजारच्या खडकावर पूजा करणाऱ्या एका बाईनं द्रोण आणि वात दिली. नंदोईंनी खिशातून काडीपेटी काढली आणि सर्रकन काडी ओढली. मी एवढी दचकले की नणंद हसली. दिवा पाण्यावर गेला. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले, म्हशीसाठी. मीही जोडले. माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघेना.

खरं म्हणजे तिथेच सांगून मोकळं व्हायचं. पण कुणाला सांगणार? आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी नदीकाठीच ऊर बडवून घेतला असता. नंदोईंना सांगितलं तर ते सोमवारी कचेरीत सांगणार, आणि कचेरीतलं पुलगावला पोचायला दोन दिवस पुरतात. गेल्याच हंगामात एका हमालाच्या कमरेला बिडीचं थोटूक सापडलं तर मालकानं त्याला त्याच घटकेला फाटकाबाहेर घातलं होतं आणि तालुक्यातल्या एकाही जिनात त्याला पुन्हा काम मिळू दिलं नाही. आमच्याकडे शेत दिरांच्या हाती, इथे भाड्याची खोली. ह्यांच्या हातातलं काम गेलं तर आम्ही उघड्यावर. आणि हे झालं सापडलं तर. नाही सापडलं तर काय, याचा विचार मी करत होते आणि करायचा नाही म्हणतही होते.

नंदोईंच्या मनगटावरचं घड्याळ मी चोरून पाहिलं. अकरा वाजून गेलेले. जिनात जेवणाची सुट्टी एकला. तोवर डबा मशीनजवळच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो. एकला हे हमालांच्या घोळक्यात बसून पिशवी उघडणार. पुडी कुणाच्या हाती लागली, कुणी 'फिटरभाऊनं काय आनलं पाहू' म्हणून गाठ सोडली, बिडीला तरसलेल्या एखाद्यानं एक काडी लपवली, तर?

परत वर्ध्याला बसस्टँडवर उतरलो तेव्हा मी म्हटलं, तुम्ही चहा घ्या, मला माहेरी पत्र टाकायचंय. आणि पोस्टात पळाले. हो, पळालेच, पदर खोचून, भर रस्त्यात. जिनात मुनीमजींच्या टेबलावर फोन होता आणि त्याचा नंबर फाटकावर हातभर आकड्यांत रंगवलेला, तो मला येताजाता पाठ झालेला. ट्रंक कॉल लावला. आयुष्यातला पहिला. बाकावर बसून वाट पाहताना मला सुचलं, की आता बोलणार काय? माझ्या नवऱ्याच्या पिशवीत काडीपेटी आहे, हे मुनीमजींना सांगू? म्हणजे ह्यांची भाकर मीच माझ्या तोंडानं तोडणार.

खिडकीतून हाक आली. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हां, कोन?" मुनीमजींचा आवाज.

"फिटरच्या घरून बोलून राह्यली जी. वर्ध्याहून."

"वर्ध्याहून? काऊन, कोनी गेलं का?"

"नाई जी. त्याइले एवढं सांगा, डबा खाऊ नका म्हना. भाजी नासली हाये."



"या थंडीत भाजी नासली?"

"हाव जी. सोल्याची होती."

"सोल्याची भाजी पुसात नासते? आमच्या घरी तं दोन दिवस पुरते."

"नासली जी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बरं, बरं. घाबरू नको बाई. चौकीदाराले पाठवतो. तो डबा बाहेर आनते, सांडून टाकते अन् पिशवी झटकून ठेवते."

"नका, नका! पिशवी उघडू नका जी! बंदच घरी आना म्हना त्याइले!"

"काऊन?" ते म्हणाले, आणि फोन कटला.

मी हॅलो हॅलो ओरडले. खिडकीतला माणूस म्हणाला, वेळ संपली बाई. पुन्हा लावायचा तर पुन्हा नंबर लागणार, तासभर तरी. तासभरात एक वाजणार होता.

मी पोस्टाच्या पायरीवर बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जो चौकीदार फाटकावर माणसांचं अंग चाचपतो, त्याचाच हात मी माझ्या हुशारीनं ह्यांच्या पिशवीत घातला होता. फोन केला नसता तर निदान ह्यांनी आपली पिशवी आपण उघडली असती! मी स्वतःला शिव्या घातल्या. मोठ्यानं घातल्या असाव्यात, कारण पायरीवर बसलेला एक म्हातारा उठून लांब जाऊन बसला.

तिथून पुढचं वर्धा मी कसं पाहिलं ते मलाच ठाऊक. सेवाग्रामला गेलो. मातीनं सारवलेल्या त्या कुटीत आत्याबाई भक्तिभावानं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा मोठा मानूस, अन् घर पाहा, आपल्यासारखंच शेनामातीचं!" आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. नणंदेलाही आलं. मी भिंतीकडे पाहत होते आणि मनात हिशेब चालू होता, आता एक वाजला असेल, आता चौकीदार आला असेल, आता मालकाला बोलावलं असेल. बाहेर पिंपळाखाली सगळे जेवायला बसले. मी दशमी हातात घेऊन नुसती कुस्करत बसले. आत्याबाई म्हणाल्या, "भूक नाई लागत का वं? कोनता महिना?" आणि नणंदेकडे पाहून डोळे मिचकावले. बोला आता! मी नाही म्हणायच्या ऐवजी गप्प बसले, तर त्यांना खात्रीच पटली, आणि दिवसभर मला हाताला धरून चालवायला लागल्या.

संध्याकाळी बाजारातून परतताना बसस्टँडवर पुलगावची गाडी येऊन लागलेली दिसली. मी कंडक्टरला गाठलं.

"भाऊ, पुलगावात काई झालं का आज? जिनाकडं?"

"काय मालूम बाई. जिनाच्या रोडवर गर्दी होती पन लय. आपली गाडी अर्धा घंटा अडकली तिथंच."

"गर्दी कायची?"

"मांग होतो मी, तिकिटं फाडून राह्यलो होतो. दिसलं नाई."

तीच गाडी दहा मिनिटांत परत जाणार होती. मी पायरीवर पाय ठेवला. आत्याबाई लांब बांगड्यांच्या गाडीशी घासाघीस करत होत्या. बसून गेले असते तर रात्र व्हायच्या आत घरी पोचले असते. मागाहून काहीही कारण सांगता आलं असतं. आणि मी पाय खाली घेतला. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. लोकांना वाटेल सासूच्या धाकानं राहिले. सासूचा कसला धाक! मला घरी जायची भीती वाटली. इथे वर्ध्यात होते तोवर ह्यांना काही झालेलं नव्हतं. तिथे गेले की जे झालं असेल ते झालेलं असणार. गाडी माझ्यादेखत गेली. तेवढी भेकड मी आधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

रात्र कशी काढली ते सांगत बसत नाही. रविवारी सकाळी संग्रहालय. नंदोई उत्साहानं पुढे, एकेक चरखा दाखवत. एका दालनात हातानं सरकी काढायची जुनी लाकडी चरखी होती आणि शेजारी नमुन्याला रुईचा ढीग मांडलेला. पांढरा, फुगलेला, गप्प. आत्याबाईंनी त्यात बोटं खुपसली आणि म्हणाल्या, "पाह्य, आपल्या पोराच्या जिनातल्यासारखी!" मी दाराचा आधार घेतला. आठव्या दिवशी पेटलेली ती गठाण मला आठवली. काल काही झालं नसलं तरी आज होईल, आज नाही झालं तर उद्या. एक काडी जरी पिशवीतून सांडली असेल, रुईबरोबर उचलली गेली असेल, दाबली गेली असेल, तर ती कुठल्या गठाणीत आहे हे कोण सांगणार? मी कोपऱ्यात तोंड फिरवून म्हटलं, देवा, काम गेलं तर जाऊ दे. माणूस ठेव.

दुपारच्या पॅसेंजरनं निघालो. देवी-देवता सगळे आठवून झाले. पुलगाव जवळ आलं तसा धूर दिसला. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. शेजारचा माणूस म्हणाला, "अवं बाई, मिलची चिमनी हाये ते, रोजचीच." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

स्टेशनपासून घर वीस मिनिटांवर. आत्याबाई मला "हळू चाल, आता असं धावाचं नाई" म्हणत मागून येत होत्या. आमच्या घराच्या वळणावर आले तर दोरीवर खाकी पिशवी वाळत घातलेली, उलटी करून. आणि ओट्यावर हे. बसलेले. तुरीच्या शेंगा सोलत.

मी अंगणातच थांबले. ह्यांनी वर पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आईला म्हणाले, "झालं का वर्धा पाहून?" आणि आत्याबाईंनी ओट्यावर बैठक मारली आणि धाम नदीपासून सुरुवात केली. मी हंडा घेऊन मागच्या आवारात गेले. थोड्या वेळानं हे मागून आले.

"चौकीदार आल्ता," हे हळू आवाजात म्हणाले. "म्हने तुह्या घरून फोन आला, भाजी नासली, डबा दे."

"मंग?"

"मंग काय? पुसात भाजी नासत नाई. अन् जी बाई पोस्टकार्डाच्या कडेकडेनं लिहिते, ते भाजीसाठी ट्रंक कॉल लावंल? म्या समजलो, पिशवीत काईतरी हाये. त्याले म्हटलं, भाऊ, लय वास मारून राह्यली, तू हात नको लावू. अन् गेलो हौदावर."

जिनात आगीसाठी पाण्याचा मोठा हौद असतो. ह्यांनी उघडून पाहिलंसुद्धा नव्हतं. पिशवी जशीच्या तशी, डब्यासकट, दोन्ही हातांनी पाण्यात दाबून धरली. चौकीदार मागे उभा राहून हसत होता, फिटर भाजी बुडवून मारून राह्यला म्हणून. बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवली, म्हणाले. मग तिथेच वाकून पाण्याखाली गाठ सोडली आणि बोटांनी चाचपली, तेव्हा काडीपेटी लागली. ती ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली आणि दिवसभर तशीच कमरेला ठेवून काम केलं. ओली चिंब, लगदा झालेली, पण चौकीदारानं जाताना अंग चाचपलं असतं तर संपलं होतं. त्यानं चाचपलं नाही, कारण तो अजून हसतच होता.

"अन् रोडवर गर्दी कायची होती?" मी विचारलं.

"कापसाच्या बैलबंड्या. दोन बंड्याइची चाकं अटकली एकमेकाईत."

एवढं सांगून हे पुन्हा ओट्यावर शेंगा सोलायला गेले.

त्यानंतर पूर्ण हंगाम जिनात ह्यांना सगळे 'नासकी भाजी' म्हणून चिडवायचे. मुनीमजी तर मला दिसले की विचारायचे, "काय बाई, आज भाजी ताजी?" ह्यांनी हसून साजरं केलं. मला म्हणून एका शब्दानं बोलले नाहीत.

पण सोमवारी पहाटे मी चुलीपाशी गेले तर हे माझ्या आधी उठलेले. भाजी मी केली, पोळ्या मी केल्या. डबा मात्र ह्यांनी भरला. पिशवीत ह्यांनी ठेवला. कांदा ह्यांनी बांधला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." मंगळवारीही तेच. मला वाटलं आठवडाभर भीती राहील, मग जाईल. पुढचा हंगाम आला, त्याच्या पुढचा आला, मुलं झाली, मोठी झाली. डबा ह्यांचा ह्यांनीच भरला. मी खिसे तपासत राहिले, पण पिशवीला ह्यांनी मला हात लावू दिला नाही.

आणि मी काय गप्प बसणारी आहे! पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायची, "आमच्या घरी मानूसच डबा भरते, बायकोवर भरवसा नाई." माहेरच्यांदेखत म्हटलं. एकदा तर ह्यांच्या जोडीदारांसमोर म्हटलं, की एवढी मी वैरीण असेन तर जेवता तरी कशाला माझ्या हातचं? हे खाली पाहून हसायचे आणि उठून जायचे. मला ते हसणं विषासारखं लागायचं. एका चुकीची शिक्षा माणसानं किती वर्षं द्यावी, असं मला वाटायचं. आणि चूक होती हे कबूल असूनही वाटायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा ह्यांचे गुडघे गेले आणि त्या शिमग्याला जिनाचं काम सुटलं. शेवटच्या दिवशी घरी आले, अंग झटकलं, पिशवी मोरीपाशी ठेवली. मी डबा उचलला.

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "एवढा काय राग धरला होता? एकदा भुलली मी. एकदा."

"राग?" ह्यांनी असं पाहिलं की जणू मी भलत्याच माणसाबद्दल बोलते आहे. मग ओट्यावर बसले.

"त्या दिवशी हौदावर पिशवी दाबून धरली तवा जिनात चाळीसेक बाया होत्या रुई निवडाले. दोघी-तिघींचे लेकरं झोळीत. तवा मले वाटलं, आग लागलीच तं म्या तं जाईनच. मले कोन काय इचारनार हाये? पन मांगून लोकं तुह्या दारात येतीन. म्हनतीन, पिशवी कोनं भरली? तुले सांगा लागंल. एकटीले. अन् मंग त्या बायाइच्या घरच्याईनं तुले जगू देल्लं असतं का?"

ह्यांनी दुखरा गुडघा चोळला.

"म्हनून ठरोलं, पिशवी आपूनच भराची. काई झालंच तं तुले म्हनता आलं पाह्यजे, का म्या नाई भरली."

हे उठून पाय धुवायला गेले. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. पाहुण्यांदेखत, माहेरच्यांदेखत, ह्यांच्या जोडीदारांदेखत मी ह्यांना जे जे बोलले होते ते सगळं मला एकामागून एक ऐकू यायला लागलं. रडूसुद्धा येईना, रडायचीच लाज वाटत होती.